सावलीतला कोन

हर्षदा चौगुलेला भावाचा फोन आला तेव्हा ती कोरेगावच्या एका माळावर उभी होती आणि तिचं ड्रोन दोन शेजाऱ्यांच्या भांडणातला बांध वरून मोजत होतं. भूमी अभिलेख खात्यात तिची अकरा वर्षं झाली होती. भांडणाऱ्या माणसांची तिला सवय होती, उन्हाचीही होती, पण पडद्यावर ‘दादा’ हे नाव दिसायची सवय राहिली नव्हती. गेल्या अडीच वर्षांत पाडव्या-दिवाळीचे निरोप सोडले तर अभिजितने तिला आपणहून फोन केला नव्हता.

“हर्षू, परवा मिरजेला येशील?”

“काय झालं, दादा?”

“काही झालं नाही. जुईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरतंय. डॉक्टरांना त्या दिवशीचं सगळं ऐकायचंय. म्हणजे... जे तिथं होतं, त्याच्याकडून.”

‘जे तिथं होतं’ हे शब्द त्याने फार जपून निवडले होते. हर्षदाने ड्रोन खाली उतरवलं.

“वहिनीला चालेल?”

“ती नको म्हणाली नाही,” अभिजित म्हणाला.

चार वर्षांपूर्वी अभिजितच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगती उठल्या होत्या. अडीच वर्षांची जुई आत्याच्या कडेवर पेंगत होती आणि तिला खाली नेऊन झोपवावं म्हणून हर्षदा गच्चीवरून निघाली. जिन्यात कुणाच्या तरी हातून मठ्ठा सांडला होता. तिचा पाय सरकला. तिने पोरीला छातीशी आवळून धरलं, स्वतःचं कोपर फोडून घेतलं, तरी शेवटच्या पायरीवर जुईचं डोकं आपटलंच. टेंगूळ आलं, एक उलटी झाली. दवाखान्यात मेंदूचा स्कॅन काढला, तो चांगला निघाला आणि दोन दिवसांत जुई पुन्हा घरभर धावायला लागली.

पुढे चार-पाच महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं, की पोरगी मान सतत डाव्या खांद्याकडे झुकवून ठेवते. आधीच्या डॉक्टरांनी मानेचा स्नायू आखडलाय म्हणून सांगितलं. वर्षभर मालिश झाली, व्यायाम झाले, गळ्यात पट्टा झाला. पट्टा बांधला की जुई रडून आकांत करायची. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी मान सोडून डोळा बघितला आणि विचारलं, “हिच्या डोक्याला कधी मार लागला होता का?”

त्या संध्याकाळी शलाकाने हर्षदाला फोन केला होता. ती ओरडली नव्हती. एवढंच म्हणाली होती, “तुझ्या हातून झालंय हे, हर्षदा. मी तुला काही बोलत नाही. पण हे तुझ्या हातून झालंय.”

हर्षदाने वाद घातला नाही. तिलाही तसंच वाटत होतं. तिने सातारा जिल्ह्यात बदली मागून घेतली.

*

मिरजेच्या त्या डोळ्यांच्या रुग्णालयात मुलांच्या तिरळेपणाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. हर्षदा पोचली तेव्हा अभिजित, शलाका आणि जुई आधीच आत बसले होते. जुई आता साडेसहा वर्षांची होती, दोन पुढचे दात पडलेली. तिने आत्याला ओळखलं की नाही कोण जाणे, पण मान डावीकडे कलती करून तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि हसली. शलाका उठली नाही. “बस,” एवढंच म्हणाली.

डॉक्टर नसीम मुजावर पन्नाशीच्या होत्या. मोठ्यांशी बोलायच्या आधी त्या मुलांशी बोलायच्या. त्यांनी जुईला समोर बसवलं.

“मान अशीच ठेव. आता मी किती दिसते?”

“एक.”

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तिची मान हळूच सरळ केली. “आता?”

“दोन. एक वर, एक खाली. खालची जरा तिरकी आहे.”

“जुई!” शलाका म्हणाली. “हे तू कधी बोलली नाहीस मला.”

“मला वाटलं सगळ्यांनाच दिसतात,” जुई म्हणाली. “म्हणूनच सगळे शाळेतून दमून येतात.”

ज्या वर्षभरात पट्टा बांधून पोरीची मान सरळ केली जात होती, त्या वर्षभर ती दोन आया, दोन ताटं, दोन दरवाजे बघत होती, हे घरच्या तिन्ही मोठ्यांना एकदमच कळलं.

डॉक्टरांनी भिंतीवरचा एक कागदी पतंग काढून आणला. समजावून सांगायला तो त्यांनी कायमचाच ठेवला होता. “पतंगाला कण्णी बांधतात, बघा. त्यातला एक दोरा जरा लांब पडला की पतंग एका अंगाला कलतो. डोळ्याला असे सहा दोरे आहेत, सहा छोटे स्नायू. डोळा वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतो हे आपल्याला दिसतं. पण तो जागच्या जागी घड्याळाच्या काट्यासारखाही थोडा फिरतो. ते काम करणारा एक स्नायू आहे. तो नाकाजवळच्या एका बारीक कडीतून कप्पीसारखा वळून डोळ्याला जोडलेला असतो. तोच डोळ्याला खालीही खेचतो. जुईच्या उजव्या डोळ्याचा तो स्नायू कमजोर आहे. त्यामुळे उजवा डोळा वर सरकतो आणि थोडा पिळला जातो. दोन डोळ्यांची दोन चित्रं एकमेकांवर बसत नाहीत.”

“मग मान?” अभिजितने विचारलं.

“मान डावीकडे कलली की त्या दुबळ्या स्नायूवर भार येत नाही. चित्रं जुळतात. मानेला काहीही झालेलं नाही. दोन दिसू नयेत म्हणून तिने स्वतः शोधलेला उपाय आहे तो.” त्या जुईकडे वळल्या. “हुशार आहेस.”

मग जुईला नेत्रतुलेत बसवलं. ते यंत्र रुग्णालयात येऊन दोनच वर्षं झाली होती. घुमटासारख्या पडद्यावर एक साळुंकी उडत राहायची, पोरं तिच्यामागे डोळे फिरवायची आणि तेवढ्यात यंत्र बुबुळावरच्या बारीक रेषा टिपून प्रत्येक स्नायूची ओढ मोजायचं. पूर्वी याच तपासणीला तासन्‌तास लागायचे आणि निम्मी मुलं मधेच रडून उठायची. जुईचं काम चार मिनिटांत झालं. त्यानंतर यंत्राने शलाकाने दिलेले फोटो वाचले, जन्मापासूनचे दोन हजारांवर. मान कधीपासून कलायला लागली, हे जुन्या फोटोंवरून शोधायची पद्धत फार जुनी. पूर्वी डॉक्टर घरचा अल्बम मागवायचे. आता यंत्र दोन मिनिटांत प्रत्येक चेहऱ्याचा कोन काढून देत होतं.

डॉक्टरांनी पडद्यावरचा आलेख सगळ्यांना दाखवला. अडीच वर्षांपर्यंत रेघ सपाट होती. तीन वर्षांच्या जरा अलीकडे ती उभी चढत होती. खाली निष्कर्ष होता: डोक्याला मार लागून झालेली इजा, शक्यता एक्क्याण्णव टक्के.

“आता तुम्ही सांगा,” डॉक्टर हर्षदाला म्हणाल्या. “पाय घसरल्यापासून ती रडायला लागेपर्यंत, सगळं.”

हर्षदाने सांगितलं. किती पायऱ्या, कोणती बाजू, किती वेळाने उलटी, सगळं तिला पाठ होतं. सांगताना तिने शलाकाकडे पाहिलं नाही. डॉक्टर लिहून घेत होत्या, पण मधेच त्यांचं पेन थांबलं.

“बेशुद्ध नव्हती झाली?”

“नाही. लगेच रडली.”

“हं,” डॉक्टर म्हणाल्या. “खरं सांगू? मी यंत्राचं ऐकते, पण सगळंच ऐकते असं नाही. हिचा डावा गाल उजव्यापेक्षा किंचित बसका आहे. वर-खाली सरकलेली चित्रं जुळवायची ताकदही हिच्यात खूप आहे. हे सहसा जन्मापासून सवय असलेल्या मुलांत दिसतं. पण फोटो इतके स्पष्ट आहेत की मी नुसत्या संशयावर उलटं काही करू शकत नाही.”

“फरक काय पडतो?” शलाकाने विचारलं. “ऑपरेशन तर करायचंच आहे.”

“ऑपरेशन बदलतं. मार लागलेला असेल तर स्नायूची शीर, म्हणजे त्याला डोळ्याशी जोडणारी दोरी, मुळात चांगल्या लांबीची असते. तिला हात लावायचा नाही, तिच्या विरुद्ध ओढणारा स्नायू तेवढा सैल करायचा. शीर उगाच आखडली तर मुलाला डोळा वर उचलताच येत नाही. पण दोष जन्मजात असेल तर ती शीरच सैल, लांब असते. तिला चुणी घालावी लागते, नाहीतर मान तशीच राहते आणि दोन वर्षांनी पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. टाका घालायचा तो प्रकाशधागा आहे. ऑपरेशननंतर मूल जागं असताना, बाहेरून प्रकाश टाकून आम्ही त्याची लांबी केसाएवढी कमी-जास्त करू शकतो. मात्र तो त्या डोळ्याच्या मापाचा आधीच बनवून घ्यावा लागतो. शुक्रवारपर्यंत मला माप कळवायचंय. आणखी फोटो असतील तर द्या. तुमच्याकडचेही.” शेवटचं वाक्य हर्षदासाठी होतं.

बाहेर आल्यावर अभिजित म्हणाला, “घरी चल की.” शलाका जुईच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती. ते बराच वेळ लागेना. हर्षदा म्हणाली, “नको दादा, स्टेशनजवळ खोली घेतलीय मी.”

*

दुपारी खोलीवर बसून हर्षदाने जुईचे जुने फोटो उघडले. अभिजितने घरचेही सगळे तिच्याकडे पाठवून दिले होते. चार वर्षं तिने यातला एकही फोटो पाहिला नव्हता. बारशाचा, उष्टावणाचा, पहिल्या वाढदिवसाचा. प्रत्येक फोटोत जुईचा चेहरा सरळ, नजर थेट समोर. पडण्याआधीची धडधाकट पोर. हर्षदाने डोळे पुसले आणि पुढचा फोटो काढला.

जुन्या घराच्या गच्चीवर सकाळच्या उन्हात दीड वर्षांची जुई बापाचं बोट धरून उभी होती. मोजणीवाल्या माणसाची नजर सवयीनं सावलीवर जाते. सावलीवरून वेळ कळते, उंची कळते. नऊचा सुमार, हर्षदाच्या मनात आलं. आणि मग ती तिथेच अडकली.

गच्चीच्या पांढऱ्या भिंतीवर दोघांच्या सावल्या पडल्या होत्या. अभिजितची सावली ताठ होती. जुईच्या सावलीचं डोकं डाव्या खांद्यावर झुकलेलं होतं.

तिने चेहरा पाहिला. सरळ. सावली पाहिली. कलती.

उन्हाच्या तिरकेपणामुळे सावली वाकडी होते, हे तिला कळत होतं. पण मग बापाचीही व्हायला हवी होती. ती उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि परत बसली.

ड्रोन हवेत कधीच पूर्ण सरळ नसतं. वाऱ्याने कलतं, त्याने काढलेला फोटोही कलतो. मग संगणक तो फोटो सरळ करून देतो. झाडं, इमारती, खांब सगळं सरळ उभं दिसतं. पण सावल्या बऱ्याचदा जिथल्या तिथेच राहतात. म्हणून हद्दीचा वाद कोर्टात गेला की सरळ केलेला फोटो चालत नाही, कच्चा द्यावा लागतो. हे ती दर महिन्याला नव्या पोरांना शिकवत होती.

आणि फोनमध्ये ‘सममुख’ होतं. सात-आठ वर्षांपूर्वी ते सगळ्याच फोनमध्ये आलं. कुणी मिटलेले डोळे, पडलेली नजर, वाकडी मान घेऊन फोटोत उभं राहिलं, तरी फोन ते आपोआप नीट करायचा. सुरुवातीला लोकांना त्याचं नवल वाटलं, मग विसरही पडला. फोन चेहरा ओळखायचा आणि सरळ करायचा. भिंतीवरची सावली हाही त्याच माणसाचा भाग आहे, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मग पडल्यानंतरच्या फोटोंत मान कलती कशी दिसते? तिने अभिजितला फोन लावला.

“दादा, फोनमधलं सममुख तुम्ही कधी बंद केलंत?”

“ते? मानेचे व्यायाम सुरू झाले तेव्हा. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, रोजचा खरा फोटो हवा, फरक कळायला. का गं?”

“आणि जुना फोन?”

“तो केव्हाच गेला. डॉक्टरांना दिलेले फोटो सगळे घरच्या ग्रुपवरून उतरवलेले.”

ग्रुपवर टाकलं की फोटोवरची दुरुस्तीची खूण पुसली जाते. यंत्राला कळायला काही मार्गच नव्हता.

संध्याकाळचा चहा आला तो तसाच गार झाला. हर्षदाने पडण्याआधीच्या सगळ्या फोटोंतून भिंतीवर किंवा जमिनीवर सावली पडलेले फोटो वेगळे काढले. तेवीस निघाले. मोजणीच्या कामाचं सॉफ्टवेअर लावून तिने प्रत्येकात सूर्याची दिशा काढली, शेजारच्या माणसाची किंवा खांबाची सावली धरून तिरकेपणा वजा केला आणि जुईच्या डोक्याचा कोन मोजला. चालायला लागल्यापासूनच्या एकोणीस फोटोंत तो चौदा ते सतरा अंश होता. डावीकडेच. पडण्याच्या आधी सव्वा वर्षापासून.

म्हणजे पोरीची मान तेव्हाही कलतीच होती आणि ते सगळ्यांनी रोज पाहिलं होतं. फक्त फोटोत ती सरळ होती, आणि पुढे सगळ्यांना आठवत राहिले ते फोटो. हर्षदाने आठवून पाहिलं. कडेवरची जुई तिच्या डाव्या खांद्यावर डोकं टेकायची तेव्हा “लाडात आली बाई” असं आपणच म्हणायचो की! चार वर्षांत ते एकदाही आठवलं नव्हतं.

तिला आनंद झाला. खूप झाला. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण या मोजणीत सगळ्यात जास्त फायदा तिचाच होता. भांडणातल्या एका शेजाऱ्यानेच बांध मोजून आणला तर तो कोण खरा मानेल?

*

सरळ डॉक्टरांकडे जाता आलं असतं. सकाळी ती आधी अभिजितच्या घरी गेली. तो शाळेवर शिकवायला गेला होता. दार शलाकाने उघडलं.

“वहिनी, पंधरा मिनिटं दे. पटलं नाही तर मी निघून जाईन.”

शलाकाने फोटो पाहिले. आकडे पाहिले. ती फार्मसीच्या कॉलेजात शिकवायची, आकड्यांना घाबरणारी नव्हती. मग म्हणाली, “चार वर्षांनी स्वतःला सोडवायला आलीस.”

“हो,” हर्षदा म्हणाली. “तेही आहे. खोटं कशाला बोलू? पण मी चुकले असेन तर डॉक्टर पाच मिनिटांत सांगतील. मी बरोबर असेन आणि गप्प बसले, तर धागा चुकीच्या मापाचा येईल. पोरीला दोनदा कापायला लागेल.”

शलाकाने पुन्हा गच्चीवरचा फोटो उघडला. ती भिंतीवरच्या त्या छोट्या सावलीकडे बघत राहिली.

“म्हणजे हे जन्मापासून होतं,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “म्हणजे माझ्या पोटातच.”

हर्षदाला हे सुचलंच नव्हतं. आपली सुटका होते तिथून दोष उठून कुठे जाऊन बसेल, याचा विचार तिने काल दिवसभरात एकदाही केला नव्हता. तिला वहिनीचा हात धरावासा वाटला, पण तेवढी जवळीक आता राहिली नव्हती. ती म्हणाली, “तू चल माझ्याबरोबर. तूच विचार डॉक्टरांना. मी बाहेर थांबेन.”

“आत ये,” शलाका म्हणाली. “मोजणी तुझी आहे, मला काय समजावून सांगता येणार?”

डॉक्टर मुजावर यांनी पहिल्या तीन फोटोंतच मान डोलवायला सुरुवात केली. सातव्या फोटोला त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही मोजणी खात्यात काय करता?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नेत्रतुलेच्या तंत्रज्ञाला बोलावलं. यंत्रातून सगळे फोटो काढून टाकले, उरलेल्या मापांवर आणि सावल्यांच्या कोनांवर निष्कर्ष मागितला. जन्मजात दोष, शक्यता सत्त्याण्णव टक्के.

“कशामुळे होतं हे?” शलाकाने विचारलं. तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

“डोळा घडताना सहा दोऱ्यांतला एक सैल राहून गेला. कधी शीर, कधी त्या स्नायूची नसच नीट तयार होत नाही. का, ते आम्हाला अजून पुरतं माहीत नाही. तुम्ही काय खाल्लंत, कुठे गेलात, काय केलंत, यातलं काही शोधत बसू नका. मी सत्तावीस वर्षं ही मुलं बघतेय. सगळ्या आया हेच विचारतात आणि सगळ्यांना मी हेच सांगते.”

“बाप नाही विचारत?” शलाका म्हणाली.

“ते म्हणतात, त्यांच्या घराण्यात असं कुणाला नव्हतं,” डॉक्टर म्हणाल्या. आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा दोघी नणंद-भावजया एकाच गोष्टीला हसल्या.

*

ऑपरेशन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झालं. शीर सैल आणि लांब निघाली. टेबलावर चिमट्याने ओढून पाहताच खात्री पटली, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. नव्या मापाचा धागा चुणीत बसला.

खरं काम चार दिवसांनी होतं. पूर्वी ऑपरेशनच्या टेबलावर जे काय जमेल ते जमेल, पुढे नशीब. मोठ्या माणसाला शुद्धीवर आणून टाका ओढून-सोडून जुळवता यायचा, मूल तसं करू देत नसे. प्रकाशधाग्याला हात लावायला लागत नव्हता. जुई खुर्चीत बसली, मागे मऊ आधार देऊन मान सरळ ठेवली. समोर अंधाऱ्या पडद्यावर दोन आडव्या रेषा होत्या, एका डोळ्याला लाल, दुसऱ्याला हिरवी.

“कुठे आहेत?” डॉक्टरांनी विचारलं.

“लाल वर आहे. थोडीशी. आणि ती घसरगुंडी झालीय.”

डॉक्टरांनी पापणीवरून क्षणभर मंद जांभळा प्रकाश टाकला. धागा आखडला, केसाच्या जाडीएवढाच.

“आता?”

“जवळ आली.”

पुन्हा प्रकाश. शलाका भिंतीला पाठ लावून उभी होती, अभिजित बोटं मोडत होता. हर्षदा दाराशी होती. तिला शलाकानेच बोलावलं होतं. ‘सुट्टी मिळत असेल तर ये’ असा दोन ओळींचा निरोप आला होता.

“आता?”

जुईने भुवया वर केल्या, खाली केल्या. मग सवयीने मान डावीकडे झुकवली आणि ओरडली, “अरे! आता वाकडी केल्यावर दोन!”

“आणि सरळ?”

तिने मान सरळ केली. “एक,” ती म्हणाली. “पिवळी. एकच.” आणि मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखी, “सरळ ठेवूनसुद्धा एकच.”

डॉक्टरांनी दिवा बंद केला. अभिजित खोलीच्या कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला. गणिताचा मास्तर, पण पोरीच्या वहीत एकाच ओळीवर दोनदा लिहिलेलं दिसलं म्हणून त्याने तिला कितीदा रागावलं होतं, हे त्यालाच माहीत.

महिन्याभरात डॉक्टर मुजावर यांनी आपल्या विभागातल्या जुन्या नोंदी उघडल्या. ‘मार लागून’ असा निष्कर्ष निघालेली एक्केचाळीस मुलं होती. त्यांचे फोटो हर्षदाच्या पद्धतीने पुन्हा मोजले. नऊ मुलांच्या सावल्या अपघाताच्या आधीपासूनच कलत्या निघाल्या. नऊ घरांत कुणी ना कुणी गुन्हेगार ठरलेलं होतं. एका ठिकाणी आजोबा, एका ठिकाणी बालवाडीची बाई, दोन ठिकाणी सख्खी आई. डॉक्टरांनी एकेका घराला बोलावून सांगायला सुरुवात केली. नेत्रतुला बनवणाऱ्या संस्थेने सावल्या वाचायची सोय यंत्रात घालायचं ठरवलं आणि हर्षदाला आठवड्यातून एक दिवस मिरजेला यायची विनंती केली. तिच्या वरिष्ठांनी विचारलं, मोजणी खात्याचा डोळ्यांशी काय संबंध? हर्षदाने अर्जात लिहिलं: हद्द निश्चित करणे.

*

शेवटच्या तपासणीच्या दिवशी अभिजित औषधं आणायला गेला आणि जुई रुग्णालयाच्या आवारात इतर दोन पोरींबरोबर लंगडी खेळत होती. कडुलिंबाच्या पारावर दोघी बसल्या होत्या. शलाकाने डब्यातून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी काढून हर्षदापुढे सरकवली.

“तू पडली होतीस तिला घेऊन,” शलाका म्हणाली. “तो आवाज मी विसरणार नाही, हर्षदा. तेवढं माझ्याकडून होणार नाही.”

“माझ्याकडूनही नाही,” हर्षदा म्हणाली.

“पण मी जे बोलले ते खरं नव्हतं. तेव्हा खरं वाटत होतं. आणि बोलून टाकल्यावर मला ते फार सोपं झालं. सगळं कळल्यासारखं वाटायचं.” तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “चार वर्षं मी तिला कुणाकडे एक दिवस सोडली नाही. माझ्या आईकडेसुद्धा नाही.”

आवारात जुई आउट झाली आणि तावातावाने भांडायला लागली. भांडतानाही तिची मान ताठ होती.

“सुट्टीत साताऱ्याला नेतेस का तिला?” शलाकाने विचारलं. “पंधरा दिवस. थेंबांच्या वेळा मी लिहून देते.”

हर्षदाने घास गिळला. तिने उगाच डब्याचं झाकण उचललं, ठेवलं.

“नेते,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आमच्याकडे पोहण्याचा तलाव आहे कॉलनीत. चालेल?”

शलाकाने पोरीकडे पाहिलं.

“डॉक्टरांनी सहा आठवडे पाण्यात नको म्हणून सांगितलंय, ते या सोमवारी संपतात,” ती म्हणाली. “त्यानंतर चालेल. पण तू स्वतः उतर पाण्यात तिच्याबरोबर. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस.”